सगळ्यांचा टॉवेल

मी एक टॉवेल बोलतोय. शिवणकारखान्यात बेसिनशेजारच्या खिळ्याला टांगलेला, सगळ्यांचा टॉवेल. जे सगळ्यांचं असतं, ते धुवायचं काम मात्र कुणाचंच नसतं.

दुपारी मशिनी थांबल्या की सगळे यायचे. हात पुसायचे, तोंड पुसायचे, कुणी हळूच नाकही. आपल्यावाचून यांचं अडतं, याचा मला कोण अभिमान!

एका सकाळी कटिंगमास्तर काळा चष्मा लावून आले.

"काय मास्तर, आज अगदी हिरो?"

"डोळे आलेत रे."

"आले? मग इतके दिवस गेले कुठे होते?"

सगळे हसले, मास्तरही हसले. मालकीणबाई म्हणाल्या, "घरी बसायचं ना!"

"ताई, गणवेशांची ऑर्डर आहे. मी कापड कापलं नाही, तर ही मंडळी शिवणार काय?"

बाई आपल्या टेबलाकडे वळल्या. ऑर्डर त्यांनाही हवीच होती.

दुपारी मास्तरांनी डोळ्यांवर पाणी मारलं आणि मला डोळ्यांशी घट्ट धरलं. त्यांच्यामागे बटणं लावणाऱ्या काकू उभ्या होत्या. मी ओलाच होतो. त्यांनी माझ्यात चेहरा खुपसला, डोळे चोळले. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, असं म्हणायला आवडेल. पण खरं सांगतो, मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आठ-दहा दिवसांत एकेकाचे डोळे आले, निम्म्या मशिनी बंद पडल्या. ऑर्डर राहिलीच. बाकीचे बरे होऊन परतले, काकूंच्या बुबुळावर मात्र डाग राहिला. जाईल, पण महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. काकू कामावर आल्या, तर सुईत दोरा जाईना.

मास्तर जवळ गेले. "वहिनी, माझ्यामुळं झालं हे."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम नाही. पण घरी बसलो असतो तर..."

काकूंनी सुई पुढे केली. "बोलत काय बसलाय? दोरा ओवून द्या. हात चालतात माझे अजून."

तेव्हापासून मास्तर कात्री खाली ठेवून दिवसातून कितीदा तरी दोरा ओवायला येतात. नजर मात्र वर करत नाहीत.

आता ज्याचा त्याचा रुमाल असतो. आजारी माणसाला बाई घरी पाठवतात, पगार कापत नाहीत. मला उकळून, फाडून मशिनीचं तेल पुसायला ठेवलंय. बाबांनो, अंगात ताप असेल, डोळे लाल असतील, तर घरी बसा. काम थांबतं, पण पुन्हा सुरूही होतं.

परवा काकूंनी मला उचलून तेल पुसलं. मग बेसिनवर जाऊन साबणानं खसाखसा हात धुतले. मला वाईट वाटलं. पण त्यांनी हात धुतले, हेच बरं झालं.