बंकटमामांची बॅटरी

बंकटमामांनी बॅटरी मनिषाच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"आधी सेल काढून दाव," ते म्हणाले.

मनिषानं मागचं झाकण फिरवून सेल काढला. मामांनी खिशातलं पेन काढलं आणि सेलावर दाबून एक फुली मारली.

"हं. आता कर काय करायचं ते. मी हितंच बसतो."

ते ओट्यावर बसले. मनिषाला राग आला, पण तिनं बॅटरी उघडायला घेतली. मामांचा स्वभाव वस्तीवर सगळ्यांना माहीत होता. दुधात पाणी, खतात माती, माणसात खोट, त्यांना सगळीकडं दिसायचंच.

चकलांब्याजवळच्या त्या वस्तीवर मनिषा एरवी दिवाळीनंतर नसायचीच. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा मोळी उचलताना धरलेली कंबर काही केल्या सुटेना, म्हणून अभिमन्यू एकटाच टोळीबरोबर गेला. घरी बसून तिला करमेना. एकदा तिची स्वतःची बॅटरी बंद पडली. फेकण्याआधी उघडून पाहिली, तर खटक्याची एक वायर सुटलेली. ती बोटानं दाबली आणि उजेड पडला. तिला इतका आनंद झाला की शेजारणीची बंद बॅटरीही तिनं मागून आणली.

ती मात्र बिघडली. वायर चिकटवायच्या सोल्डर मशीनच्या गरम टोकानं प्लास्टिकच वितळलं. दुसरीच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या. मोबाईलवर बघत, चुकत, पुन्हा उघडत ती शिकत होती. गेवराईतून तिनं थोडे जास्त उजेडाचे एलईडी आणले होते. जुना मिणमिणता एलईडी काढून नवा बसवला की स्वस्तातली बॅटरीही लांबवर उजेड मारायची. बायका आता आपण होऊन यायला लागल्या होत्या. त्या दिवशीही तिच्यापुढं आणखी दोन बॅटऱ्या उघड्या पडल्या होत्या.

मामांच्या बॅटरीतली स्प्रिंग गंजली होती. मनिषा ती घासत होती तोच मामांचा फोन वाजला. मोसंबीच्या बागेत कुणाची तरी जनावरं शिरली होती. मामा उठले, दोनदा मागं वळून पाहिलं आणि नाइलाजानं गेले. संध्याकाळी त्यांची बायको सारजाबाई येऊन नवा एलईडी बसवलेली बॅटरी घेऊन गेली.

तीन-चार दिवसांनी मामा आले ते ओट्यावर न चढताच ओरडले, "मनिषा, बाहीर ये!"

"काय झालं, मामा?"

"बॅटरी घंटाभर बी चालंना."

"नवा एलईडी जास्त ओढतो. थोडी लवकर उतरणारच. मी मामीला सांगितलं होतं."

"आन् फुली? ती बी एलईडीनं ओढली काय?" त्यांनी सेल तिच्यापुढं धरला. सेल तसाच निळा होता, पण त्यावर कुठंच फुली नव्हती. "माझा चांगला सेल काढून घेतलास आन् हा भंगार घातलास. मला ठाऊकच होतं!"

शेजारच्या दोन बाया दारात आल्या होत्या.

"मी न्हाई बदलला, मामा."

"मग कुनी बदलला? तो काय पाय फुटून गेलता?"

मामा गेले. मनिषा आत आली. आपण बदलला नाही, हे तिनं ठामपणे सांगितलं होतं. पण खरंच नाही ना? तीन बॅटऱ्या एकाच गोणपाटावर उघड्या होत्या. सेल सारख्याच रंगाचे. आपण कालपरवा शिकलेलो. तिनं सामानाचा डबा उपडा केला. फुलीचा सेल नव्हता. त्या दोन घरी जाऊन तिनं त्यांच्या बॅटऱ्या उघडून पाहिल्या. तिथंही नव्हता. उलट दोन्ही घरच्यांनी झाकण लावायच्या आधी आपापला सेल निरखून पाहिला. एक बाई दारात उभी राहून हसत म्हणाली, "न्हाई, आपलं सहज." तिचं हसणं मनिषाला मामांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई दुरुस्तीला दिलेली बॅटरी तशीच परत घेऊन गेली.

दुपारी सारजाबाई आली. इकडंतिकडं बघून तिनं पदराआडून एक हिरवी, जुनी बॅटरी काढली आणि झाकण फिरवलं. आतल्या सेलावर फुली होती.

"मामी!"

"हळू बोल. मीच बदलला गं. म्या पहाटं गोठ्यात जाते. माझ्या बॅटरीत काजव्याएवढा उजेड. मागं पायाजवळून जनावर सरपटत गेलं, त्याची शेपूट तेवढी दिसली." सारजाबाईचा आवाज दबला. "नवा सेल मागितला तर ह्ये म्हनले, कशाला पायजे? अंधारात कुठं जायचंय तुला?"

"आन् माझ्यावर आळ आला तवा बोलला न्हाईत."

"भ्याले. तू म्हन ना, चुकून अदलाबदल झाली. शिकाऊ हाय म्हनून इसरतील लोकं."

मनिषाला तिची कीव आली. पण ते दारातलं हसणंही आठवलं.

"न्हाई, मामी. तसं म्हटलं तर उद्या माझ्या दारात कुनी येणार न्हाई. मी मामांना सांगायला जाणार न्हाई, पर खोटं बी बोलणार न्हाई."

सारजाबाईनं झाकण लावून बॅटरी पदराआड घेतली. मग ती उठली आणि म्हणाली, "चल माझ्यासंगं."

मामा अंगणात कडबा रचत होते. सारजाबाईनं त्यांच्यापुढं हिरवी बॅटरी उघडली आणि सगळं एका दमात सांगितलं. मामांनी सेल हातात घेतला, फुली पाहिली. मग त्यांची नजर मनिषाकडं वळली.

"हे बोलायला तिला तू शिकवलंस काय?"

"बास करा!" सारजाबाई म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज मनिषानं कधी ऐकला नव्हता. "तिच्यावर संशय, माझ्यावर संशय. सेल मागायला मला तुमची भीती वाटली. घरातल्या बाईला चोरी करावी लागली, ह्याची तरी लाज वाटू द्या."

 मामा कडब्याकडं वळले आणि पेंढ्या नीट रचलेल्या असूनही पुन्हा रचू लागले.

त्यांनी माफी मागितली नाही. पण पुढच्या बाजारी सारजाबाई नवा सेल घेऊन मनिषाकडं आली. "ह्यांनीच आणला," एवढंच म्हणाली. मनिषानं तिला शेजारी बसवलं आणि सोल्डरचं मशीन तिच्याच हातात दिलं. सोल्डरचा पहिला डाग गोळा होऊन खाली पडला. दुसरा चिकटला.

मनिषानं सेल बदलल्याची बातमी वस्तीवर ज्या वेगानं पसरली होती, त्या वेगानं काही परतली नाही. ओळखीच्या बाया हळूहळू बॅटऱ्या घेऊन येऊ लागल्या. दारात हसलेली ती बाई मात्र अजून बॅटरी घेऊन गेवराईलाच जाते.