भाता भरेपर्यंत

टाकेबाईंचा राग आधी पायांत उतरायचा. लोकांचं डोकं तापतं, कानशिलं लाल होतात; यांचे तळवे शिवशिवायला लागत. आठवड्याचे सहा दिवस इस्पितळाच्या शिवणखोलीत पायाचं मशीन आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये पायपेटी, असं एकोणतीस वर्षं चाललेलं. रागाला तरी दुसरी जागा कुठे सापडणार?

त्या रविवारी तळवे शिवशिवत होते आणि खाली दाबायला काही नव्हतं. पायपेटी भिंतीकडे तोंड करून उभी केली होती, वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखी. तिच्या जागेवर दोन उंच काळे स्पीकर होते आणि त्यांच्या मधोमध हातात रिमोट घेऊन दातांचे डॉक्टर. गायन समितीचे ते नवे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. दात उपटताना "दुखतंय का? दुखतंय का?" असं इतकं विचारायचा की दुखणाऱ्यालाच त्याची दया यावी. पण त्याला जगात जिथे तिथे वाकडे दात दिसायचे, आणि दिसले की तार बसवल्याशिवाय चैन पडायची नाही.

"देवाला आपण उत्तम तेच द्यायला हवं," डॉक्टर माइकवरून म्हणाले. "आपलं गीत मी स्टुडिओत बसवून आणलंय. आता सूर हलणार नाही, ताल हलणार नाही. ट्रॅक कधी चुकत नाही."

आपलं गीत म्हणजे उपासनेच्या शेवटी म्हणायचं ते. त्याची चार कडवी होती, आणि पहिलं तर झोपेतून उठवून विचारलं तरी कुणीही म्हणून दाखवलं असतं:

*हात माझे कामाचे, देवा, तूच त्यांना धर,*
*दिवस माझा साधासुधा, तुझ्या नावाने भर,*
*आत ये रे, बस जरा, तुझेच आहे घर,*
*सकाळ झाली की कामावर जाऊ बरोबर.*

आता या मंडळीची एक खोड होती. तिसरी ओळ संपली की सगळे थांबायचे. चांगला लांब श्वास घेऊन सोडण्याइतकं. चाळीस वर्षांपूर्वी पायपेटीच्या डाव्या भात्याला चीर गेली होती आणि तिसऱ्या ओळीला हवा संपायची. तेव्हा पेटी वाजवायच्या टाकेबाईंच्या सासूबाई. त्या पट्ट्यांवरून हात उचलायच्या, दोन्ही पायांनी थप थप, थप थप भाता भरायच्या आणि मग चौथी ओळ धरायच्या. पुढे जन्मलेल्या पोरांना वाटलं, गीत असंच आहे. कडव्यातल्या त्या रिकाम्या जागेत ज्याचं त्याचं काही ना काही असायचं. बसचा ड्रायव्हर डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी सांगून घ्यायचा. पोस्टातली विधवा हातरुमालाची घडी मोडून पुन्हा घालायची.

आणि गेली दोन वर्षं त्या जागेत सासूबाईंचा एक शब्द यायचा.

झटका आला तेव्हा हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. सासूबाई नुसत्या "हं" म्हणायच्या. मग एकदा टाकेबाई घरी कुणाच्या तरी कोटाला बटण लावत गुणगुणत होत्या, तर पलंगावरून अख्खी ओळ आली, सुरात, स्पष्ट. तेव्हापासून सासूबाई त्या गीतातच बोलायच्या. वाटाण्याच्या शेंगा कुणी त्यांच्यासमोरून उचलल्या की "हात माझे कामाचे" सुरू. म्हणजे ठेव इथे, मी सोलते. दारात दूधवाला असो की वीज मंडळाचा माणूस, "आत ये रे, बस जरा." फक्त ओळ धरली की ती शेवटपर्यंत न्यावी लागायची, मधे उतरता यायचं नाही. आणि शेवटचा शब्द जड जायचा. चर्चमध्ये बाकीच्यांचं "घर" म्हणून व्हायचं, पेटी गप्प व्हायची, आणि मग दुसऱ्या बाकावरून एकट्या म्हातारीचं "घर" यायचं. सगळे त्याची वाट बघायचे. तसं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

ट्रॅकला हे कोण सांगणार? सासूबाई "तुझेच आहे" पर्यंत आल्या आणि स्पीकरमधल्या गिटारी चौथ्या ओळीत घुसल्या. म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. मधेच तोंड घालणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी स्पीकरकडे बघितलं. दुसऱ्या कडव्याला तेच. तिसऱ्याला त्यांनी ओठ मिटून घेतले.

उपासना सुटल्यावर डॉक्टर बाकापाशी आले, आवाज खाली आणून.

"बाई, एक सुचवू? आईंना पुढच्या रविवारपासून मागच्या काचेच्या खोलीत बसवलं तर? स्पीकर तिथेही आहे."

"ती तर तान्ह्या बाळांची खोली."

"हो, पण आता आपण रेकॉर्डिंग करतो ना. त्यांचा आवाज मागे पडतो."

"मागे पडतो म्हणजे?"

"म्हणजे… उशिरा येतो."

"डॉक्टर, हे गीत तुम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवलं कुणी?"

"त्यांनीच. म्हणूनच तर सन्मानाने विचारतोय."

"बाळांत बसवण्याचा सन्मान," टाकेबाई म्हणाल्या, आणि सासूबाईंचा हात धरून निघाल्या. तळवे इतके पेटले होते की घरापर्यंतचा रस्ता कधी संपला ते कळलं नाही.

सोमवारी दूधवाला आला. सासूबाईंनी सुरुवात केली, "आत ये रे, बस जरा, तुझेच आहे…" आणि अडकल्या. खिडकीकडे बघत राहिल्या, जणू तिकडून आता काहीतरी वाजायला लागेल. दूधवाला बिचारा भांडं हातात धरून उभा. मंगळवारी "आत ये" वरच थांबल्या. बुधवारी दार वाजलं तर मानही वळवली नाही. वाटाणे समोरून उचलले तरी "हं."

दोन वर्षांत हातात राहिलेल्या चार ओळी, आणि त्याही निघाल्या होत्या. इस्पितळात त्या दिवशी त्यांनी रुग्णांच्या दोन झग्यांच्या बाह्या शिवून बंद करून टाकल्या.

"खरं सांग," नवरा रात्रीच्या जेवणाला म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि बोलायचाही तसंच, बारीक चिमट्याने. "तू आईसाठी चिडलीयस, का तुझं पेटीपुढचं स्टूल गेलं म्हणून?"

"दोन्हीसाठी. किती कशासाठी ते मोजून देऊ?"

"नको. मी आपलं विचारलं."

"विचारू नका. आमटी वाढून घ्या."

पण प्रश्न लागला होता. स्टूल गेल्याचं दुःख होतंच, आणि त्याची लाजही. म्हणून गुरुवारच्या बैठकीत स्टुलाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

बैठक चर्चमध्येच, पुढच्या दोन बाकांवर. पाळकसाहेब सज्जन माणूस. ज्याचं ऐकतील त्याचं त्यांना पटायचं, त्यामुळे बैठकीत त्यांची मान दुखायची. त्यांनीच सुरुवात करून दिली.

"हे पाहा, थांबणं जुनं आहे, मान्य. पण ते भात्यामुळे. भाता फाटलाय, दुरुस्त करणारं आता कुणी मिळत नाही. त्यात टाकेबाईंचा काय दोष?"

टाकेबाई गप्प राहिल्या. तिथेच चुकलं.

"उघडूनच बघू ना," डॉक्टर उठले. पेटी फिरवली, पेचकस काढला, मागची फळी उतरवली, खिशातला छोटा टॉर्च आत धरला. दाढा बघायची सवय. बराच वेळ बघितलं. मग पायाने मारायची फळी हाताने दाबून कान लावला.

"पाळकसाहेब, भाता धडधाकट आहे."

"असं कसं?"

"कातड्याचं ठिगळ आहे. टाके बघा, एकसारखे. वरून पट्टी चिकटवलीय. थेंबभर हवा सुटत नाही." त्यांनी टॉर्च फिरवला आणि तो थेट टाकेबाईंच्या तोंडावर आला. "हे कुणी शिवलं?"

"मी. अकरा वर्षं झाली."

पाळकसाहेबांची मान पहिल्यांदाच स्थिर झाली. "मग अकरा वर्षं तुम्ही…"

"रिकामे पाय मारते. हो."

"म्हणजे सगळं विनाकारण!" डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षांची चूक, आणि त्यातली अकरा जाणूनबुजून! ही फसवणूक झाली, बाई."

टाकेबाई उभ्या राहिल्या. बसून बोलणं शक्यच नव्हतं.

"भाता शिवला त्या रविवारी मी सरळ वाजवत गेले. न थांबता. केवढी खूश होते मी! अख्खी चौथी ओळ वाजवली आणि गायला कुणी नाही. सगळे तोंड मिटून उभे. आईंनी बाकावरून बोट वर केलं, थांब म्हणून. पेटीचं भोक मी बुजवलं, डॉक्टर, पण माणसांना तो श्वास लागायचा तो लागायचाच. मग मी कोण घाई करणारी?"

"पण संगीताला काही शिस्त…"

"तुमच्या खुर्चीत माणूस आ वासून बसतो, तेव्हा त्याला चूळ भरायला वेळ देता की नाही? का यंत्र पुढच्या दाताला गेलं म्हणून याने गिळून टाकायचं?"

पाळकसाहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात दडवलं.

"माझी सासू चारचौघांत आठवड्यात एक वाक्य पुरं करायची. एक! तेही इथे, तुम्ही सगळे थांबायचात म्हणून. सोमवारपासून त्या घरीही धड बोललेल्या नाहीत. देवाला उत्तम द्या, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला घाई आहे, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला, पण रिमोट खिशातच होता.

"या रविवारचं ठरलंय ते होऊ दे," पाळकसाहेब शेवटी म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

पाळकसाहेबांचं 'पुढे' टाकेबाईंना ठाऊक होतं. चर्चचं गळकं छप्पर सात वर्षं त्यातच होतं.

रविवारी त्या सासूबाईंना घेऊन आल्या, काचेच्या खोलीवरून सरळ पुढे गेल्या आणि दुसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी बसल्या. शेजारी आपली पिशवी ठेवली. मनात काही योजना नव्हती. उलट रागाने ठरवलं होतं की आज तोंडच उघडायचं नाही. देवालाही कळू दे.

शेवटचं गीत लागलं. मंडळी गिटारींच्या मागे धावायला लागली, बस सुटत असल्यासारखी. सासूबाई मिटल्या ओठांनी समोर बघत होत्या. त्यांचा हात टाकेबाईंच्या हातात होता, हलका, काहीच न मागणारा. तो हात बघितला आणि टाकेबाईंचा हट्ट मोडला. त्या वाकून त्यांच्या कानाशी गायला लागल्या. दुसरी ओळ संपता संपता म्हातारीचे ओठ हलले. "आत ये रे," पुटपुटत आलं, "बस जरा…"

आणि तेवढ्यात टाकेबाईंचे पाय सुटले. थप थप. थप थप. लाकडी फळ्यांवर, जुन्या चपलांच्या टाचांनी. खाली पेटी नव्हती, भाता नव्हता, पण पायांना ओळ माहीत होती.

बसचा ड्रायव्हर पहिला थांबला. मग पोस्टातल्या बाई. मग मागची बाकडी एकेक करून. चाळीस वर्षं तो आवाज ऐकलेले कान, त्यांना वेगळं काय सांगायचं? गिटारी एकट्याच चौथ्या ओळीत गेल्या, कुणी सोबतीला नसलेल्या पाहुण्यासारख्या. सासूबाईंनी या वेळी स्पीकरकडे बघितलं नाही. सुनेच्या पायांकडे बघितलं.

"तुझेच आहे…"

काचेच्या खोलीत एक बाळ रडलं. सगळे उभे.

"…घर."

आणि मग मंडळीने चौथी ओळ धरली, स्पीकरवर दुसरं कडवं अर्धं झालेलं असताना. डॉक्टरांनी आवाज वाढवला. मंडळीनेही वाढवला. एक मिनिटभर असा गोंधळ झाला की पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले, प्रार्थनेसाठी की लाजेने, कळायला मार्ग नव्हता. मग गिटारी मधेच तुटल्या. डॉक्टरांनी स्वतःच बंद केल्या होत्या. उरलेली कडवी टाचांवर झाली, सूर जरा खाली घसरत, आणि प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर चर्च थांबलं.

आशीर्वाद झाल्यावर डॉक्टर बाकांमधल्या वाटेने तरातरा आले. कान लाल झालेले.

"टाकेबाई, हे बरोबर नाही केलंत. रेकॉर्डिंगचं पार…"

मधेच त्यांची बाही ओढली गेली. सासूबाईंनी ती धरली होती आणि वर बघत होत्या, संडे स्कूलच्या जुन्या नजरेने.

"आत ये रे, बस जरा, तुझेच आहे…"

डॉक्टर तसेच, अर्धवट वळलेले. तोंड उघडलं.

"थांबा," टाकेबाई म्हणाल्या. "त्यांचं व्हायचंय अजून."

डॉक्टर थांबले. ड्रायव्हरही वाटेत थांबला, टोपी हातात घेऊन.

"घर."

बाही सुटली नाही. टाकेबाईंचे तळवे अजून शिवशिवत होते. राग गेला नव्हता, आणि इतक्यात त्याला घालवायचा त्यांचा विचारही नव्हता. पायपेटीचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. पण बाकावर माणसाला बसायला जागा नव्हती, तिथे त्यांची पिशवी होती. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली.