काळ्या झिलचे वायपर

परीक्षेचा एवढा एक दिवस सुखरूप पार पडला, की अर्खिप सिम्योनोविचच्या पदरात पडणार होतं ते असं: मंत्र्यांच्या चिलखती झिल मोटारीचं सुकाणू कायमचं, आणि त्या जागेबरोबर मिळणारं स्वतंत्र घर. स्वतंत्र म्हणजे स्वतःची चूल, स्वतःचा संडास, आणि सासूबाई ग्लाफिरा पान्क्रातोव्ना एकाच खोलीत पडद्याच्या पलीकडे नव्हे, तर मॉस्कोच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या पडद्याचं पुढं काय करायचं हेही बायकोनं, लिदानं, ठरवून टाकलं होतं: फाडून फरशी पुसायची.

इतकी वर्षं टॅक्सी हाकलेल्या अर्खिपनं सकाळी झिल सरकारी आवारात आणून लावली. फाटकावर फाटक, बंदूकवाले पहारेकरी. गाडी म्हणजे रणगाड्याची नटवी बहीण. दार ओढायला खांदा लावावा लागे. ती लावून तो कॅन्टीनमध्ये गेला, कोबी भरलेला पाव आणि चहा पोटात ढकलून बाहेर आला, तर पाऊस लागलेला. आणि झिलच्या काचेपुढं नुसत्या दांड्या. वायपर गायब!

पहाऱ्याचा मेजर त्युकाविन धावत आला.

"चोरी? माझ्या आवारात?"

"मी फक्त चहाला गेलो होतो, कॉम्रेड मेजर..."

"हळू बोल, गाढवा! इथून वायपर जातात, म्हणजे उद्या अख्खी गाडी जाईल. माझ्या खांद्यावरचे तारे उतरवतील!"

"आणि माझं घर?"

"तुझं घर घाल चुलीत!"

"चूलच तर हवी होती हो," अर्खिप रडवेला होऊन म्हणाला.

मंत्री जिना उतरायच्या बेतात होते. मेजरनं सिगारेट शोधायला खिशात हात घातला, आणि सिगारेटऐवजी बाहेर निघाले वायपर.

अर्खिपचे डोळे विस्फारले. "तुम्ही?"

"हे माझ्या स्वतःच्या मोस्कविच गाडीचे आहेत, मूर्खा! गाडी रस्त्यावर लावली की चोर काढून नेतात, म्हणून मीच काढून ठेवतो. परत मिळतात का दुकानात?"

अर्खिपचा हात आपोआप स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशाकडं गेला. तिथं काहीतरी लांबट, रबरी लागलं. टॅक्सीतली सवय! गाडी थांबली की काढा, खिशात घाला. त्याच्या हातांनी ते केलं होतं, डोक्याला न विचारता.

"सापडले," तो पुटपुटला.

मेजरनं आधी त्याला शिवी हासडली, मग मिठी मारली, आणि शेवटी चक्क देवाचं नाव घेतलं. पक्षाचा सभासद असून. मग आपले वायपर झिलच्या टपावर टाकून तो स्वतः अर्खिपच्या खिशातले बसवू लागला. विमानतळाला निघालेले मंत्री येऊन बसले. "पाऊस बरा आहे," एवढंच म्हणाले. अर्खिपनं इतका लांब श्वास सोडला की आतून काच धुरकटली.

महिना उलटायच्या आत घर मिळालं. लिदानं पडदा फाडला. मेजरचे तारे जागच्या जागी राहिले. मंत्र्यांचा तर थेंबभरही तोटा झाला नाही.

नुकसान भरलं ते मेजरच्या डाव्या कानानं. त्याचे वायपर झिलच्या टपावरच राहिले होते आणि विमानतळाच्या वाटेवर कुठंतरी उडून गेले. त्या संध्याकाळी तो खिडकीतून डोकं बाहेर काढून, भर पावसात, मोस्कविच चालवत घरी गेला.