डावीकडचा बुश

बाबा गेल्यापासून त्यांची जुनी गाडी मी एकटीच चालवतेय, तरी प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागून खडखडतेच. वैतागून काशीगावच्या लोकेश मेकॅनिककडे नेली. त्याने मागच्या चाकांजवळचे, धक्के झेलणारे घासलेले रबरी बुश काढून दाखवले.

"ताई, डावीकडचा पार गेलाय. तिकडे कोण बसतं?"

"बाबा बसायचे. मालकासारखे मागे बसून मला ब्रेक मारायला शिकवायचे. आता कोणी नाही."

नवे बुश घालून त्याने गाडी जॅकवरून उतरवली आणि तिच्याखाली सरकला.

"वजन आल्याशिवाय बोल्ट आवळले तर रबर पिळवटून फाटतं. मागे डावीकडे बसा जरा."

मी कुरकुरत पर्स गॅरेजच्या भिंतीलगतच्या बाकावर ठेवली.

"हां, बास," खालून लोकेश म्हणाला, "आता हलू नका."

मी अजून बाकाशीच उभी होते.