तिसरं रीळ

भोजराजने तिसऱ्या रिळाचा डबा उचलला आणि प्रोजेक्टरपासून दूर, बाजेखाली सरकवला.

"हे लावू नको," तो ऑपरेटर हिरालालला म्हणाला. "दुसरं संपलं का सीधं चौथं."

"लोकं त्याच्यातच तं हासतेत, मालक."

"म्हणूनच."

करडीकडच्या त्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती. भोजराजच्या तंबूत रोज एकच पिक्चर चालू होतं: गुरं राखणारा एक भोळा ढोरकी चुकून मंत्री होतो. तिसऱ्या रिळात तो साहेबलोकांना भाबडे प्रश्न विचारतो आणि त्यांची बोबडी वळते. आज नेमके पंचायत समितीचे सभापती केशवराव पहिल्या खुर्चीवर बसणार होते. तंबूची परवानगी त्यांच्याच शब्दावर मिळाली होती आणि त्यांच्याच शब्दावर जाणार होती. आणीबाणी उठली होती खरी, पण भोजराजच्या पोटातून ती अजून उठली नव्हती.

खेळ सुरू झाल्यावर त्याला एका जागी बसवेना. तो दाराशी जाई, परत येई, केशवरावांच्या टोपीकडे बघे.

पडद्यावर ढोरकी मंत्र्याच्या गाडीत बसला आणि लगेच गावी परतून म्हशी धुऊ लागला. लोक चुळबुळले. मग अंधारात एकजण म्हणाला,

"हे गाडी कोनाची?"

भोजराजने ओळखलं: हा तिसऱ्या रिळातला सवाल होता. नाटकात नट अडला की खालून वाक्य पुरवायची या लोकांना जुनी सवय. पिक्चर तर सगळ्यांचं पाठ होतं.

"सरकारची," दुसरीकडून उत्तर आलं.

"सरकार कोनाचं?"

"लोकाइचं."

"मंग लोकं पायी काहून चालतेत?"

तंबू हसला. तिसऱ्या रिळातले सवाल इथे संपत होते. लोक मात्र थांबले नाहीत.

"तलाव कोनाचा?"

"गावाचा."

"मंग पानी कोनाच्या बांदीत जाऊन राहिलं?"

हसू थांबलं. बाहेर शेतांतल्या बांद्यांमध्ये उशिरा पिकणारं भारी धान शेवटच्या पाण्यासाठी सुकत होतं, हे तंबूतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायकांच्या बाजूने तुळसाचा आवाज आला; तिचंही धान त्याच तलावावर होतं.

"सभापतीच्या."

खेळ संपला, दिवे लागले. केशवराव उठले नाहीत. त्यांनी भोजराजला बोटाने बोलावलं.

"तो तलावाचा सवाल पिक्चरमधला होता?"

नाही म्हटलं असतं तर तंबू वाचला असता, बोलणारे अडकले असते. मागे तुळसा पोत्यावर मान खाली घालून बसली होती. तिच्या आजूबाजूचं कोणीच उठत नव्हतं.

"होता, साहेब."

"मंग कापला काहून?"

"भेलो, साहेब."

हे मात्र खरं होतं. केशवराव टोपी सारखी करत उठले.

"उद्या तहसीलदारले घेऊन येतो. सारं रीळ दाखव. त्यात तो सवाल नसला, तं तुहा तंबूबी नाही आन् ते बाईबी नाही."

ते गेल्यावर हिरालालने बाजेखालचा डबा ओढून काढला.

"मालक, रिळात तलाव हाये कुठी? उद्या काय दाखवता?"

"रिळात नसन," भोजराज म्हणाला. "लोकं तं येतीन ना."