भगताच्या थाळीतलं पाणी

शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे, बाला सुट्टी. त्या शुक्रवारी बानं सुक्या मासळीचं, वाकट्यांचं कालवण दोनदा मागून घेतलं आणि आईला म्हणाला, “जानके, उद्याला थोडं ठेव. न्हायतर डब्यात नुसता भात जायचा.” दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. आठवड्याभरात त्याचे डोळे हळदीसारखे झाले.

कावीळ गावभर होती. जवळच टेमघरला मुंबईहून रक्त तपासणारी गाडी येऊन थांबली होती. तिच्यातल्या डॉक्टरीणबाई समजावत होत्या की, आजारी आणि धडधाकट, आगरी, कुणबी, मोमीन, उत्तरेकडून आलेले लूमवाले, सगळ्यांचं थोडं थोडं रक्त हवं. मुंबईतल्या मोजक्या लोकांचं तपासून इथला आजार कळायचा नाही. लोकांनी ठरवलं, ही नसबंदीचीच गाडी. तिकडे कोणी फिरकेना.

गर्दी होती राघो भगताच्या अंगणात. तो रोग्याच्या हातांना तपकिरी रस चोळी, वरून तांब्यातलं पाणी ओती, आणि थाळीत पिवळंधमक पाणी साचे. बायका हात जोडत. “उतर गो बाय,” भगत काविळीला गावाबाहेरची वाट दाखवत दरडावी, “पडघ्यावरनं जा, जकात नाक्यावर थांबू नको.” तेवढ्या आजारातही बाला हसू आलं होतं.

पाणी फिकं होईल तसा माणूस बरा, हे भगताचं गणित. मी इस्पितळाचं नाव काढलं की आई म्हणे, कालच्यापेक्षा फिकं हाय. बाला उभंही राहवत नव्हतं आणि पाणी फिकं होत होतं. ते नितळ निघालं त्या दिवशी भगतानं नारळ फोडला. संध्याकाळी बा गेला.

घरात एकच बोललं गेलं: कावीळ उतरली होती, नजर लागली.

बाचं कार्य उरकल्यावर डॉक्टरीणबाई घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. मी त्यांना त्या रसाबद्दल सांगितलं, आणि भगताच्या अंगणातल्या आंब्याच्या खोडाची साल एका बाजूनं काढलेली आहे, हेही. त्यांनी आईकडे पानाचा चुना मागितला. चुना पाण्यात कालवून वरची निवळी तांब्यात घेतली. आंब्याच्या खोडाची साल ठेचून तिचा रस माझ्या हातांना चोळला आणि निवळी ओतली.

थाळीत तेच पिवळं पाणी.

 आईनं आपले हात पुढे केले. तिच्याही हातांखाली पाणी पिवळं झालं.

“मंग फिकं कसं व्हायचं?” तिनं विचारलं.

“रस कमी लावायचा,” बाई म्हणाल्या.

आई भिंतीला टेकून खाली बसली. बानं गाडीत तपासायला रक्त दिलं असतं तर वाचला असता का, हेही तिनं विचारलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ते मी सांगू शकत नाही. पण इथल्या कोणाचंच रक्त आमच्याकडे नसेल, तर पुढच्या रोग्याच्या वेळीही मला हेच म्हणावं लागेल.”

मी गाडीशी गेले. मला बघायला माणसं जमली. शेजारची धोंडूबाई म्हणाली, बापाच्या मागं आता पोरगी चालली. मी दंड पुढे केला, सुई टोचू दिली. मग जमलेल्यांना म्हटलं, थाळीवर विश्वास ठेवण्याआधी धडधाकट माणसाचे हात त्याच रसानं, त्याच पाण्यानं धुऊन बघा, आणि मग इथे या. कोणी हललं नाही. आई मागे उभी होती.

तेव्हा घरात कधीच न बोललेलं मी मोठ्यानं बोलले.

“बाची कावीळ उतरली नव्हती. तो गेला तेव्हा त्याचे डोळे पिवळेच होते. मी मिटले.”