रुखमाबाईने दाराचा फळा केला

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण जन्मलो तो दार म्हणून. सागाच्या तीन फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले. घडवले गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली. देवरावच्या बापाने त्याच्याकडून मला करून घेतले होते. सुतार मला त्यांच्या वस्तीच्या तोंडापर्यंत घेऊन आला, तिथेच मातीत टेकवले आणि परत फिरला. ज्याने मला हातांनी रंधून गुळगुळीत केले, तो मला बसवायला घरात मात्र आला नाही. देवरावच्या बापाने एकट्याने मला चौकटीत चढवले. तेव्हाच माझ्या मनात पहिली ठिणगी पडली, आणि ती आजही विझलेली नाही. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

पुढे देवराव मोठा झाला, त्याचे लग्न झाले. रुखमाबाई माझ्या उंबऱ्यातून माप ओलांडून आली. त्यांना आधी प्रभावती झाली. नंतरची दोन मुले जगली नाहीत, म्हणून शेवटच्याचे नाव मुद्दाम उकंडा ठेवले. उकिरड्यावरच्या पोराला मृत्यूही हात लावत नाही, अशी समजूत. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी देवराव तिथे जाऊन आला. आल्यावर त्याने गावाला सांगितले, यापुढे मेलेली जनावरे ओढणार नाही. गावाने त्याला काम देणे बंद केले, दुकानदाराने मीठ देणे बंद केले. एका उन्हाळ्यात देवरावने बैलगाडी जोडली, भांडी-गोधड्या चढवल्या आणि मला चौकटीतून उपसले.

"दार कायले नेता?" रुखमाबाईने विचारले.

"बापानं करून घेतलं हाये. याले सोडून जाऊ का?"

असा मी वणीजवळच्या एका गावी आलो. देवरावला तिथल्या जिनिंगमध्ये कापसाची बोदं, म्हणजे मोठाली पोती, उचलण्याचे काम मिळाले. गावाच्या कडेला त्यांनी कुडाच्या भिंतींचे घर उभे केले. बसवण्याआधी काही दिवस मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटले, नवे गाव, नवी चौकट; आता सारे ठीक होईल.

पावसाळ्याच्या तोंडाशी शाळा उघडली. प्रभावतीला देवरावने स्वतः नेऊन बसवले. शाळेचे मास्तर वामनराव यांनी तिला ओसरीत जागा दिली. तिथून फळा तिरपा दिसायचा, पण दिसायचा. देवरावही लहानपणी असाच ओसरीत बसून चौथीपर्यंत शिकला होता. तो काही बोलला नाही.

एके दिवशी मास्तरांनी फळ्यावर भागाकार घातला. वर्गात कोणालाच येईना. प्रभावती नऊ वर्षांची पोर. उत्तर येत असताना गप्प कशी बसेल? ती ओसरीतून उठली, सरळ आत गेली आणि खडू उचलून भागाकार सोडवून मोकळी झाली. उत्तर बरोबर होते. मास्तरांनी तिला बाहेर काढले. मग एका पोराला शेजारच्या गोठ्यात पिटाळले आणि तिच्यादेखत, साऱ्या वर्गादेखत, तो फळा गोमूत्राने धुऊन घेतला.

प्रभावती भर दुपारी घरी आली. रुखमाबाई जमीन सारवत होती. पोरीने रडत रडत सारे सांगितले. रुखमाबाईचा हात शेणात तसाच थांबला.

"गाईचं मूत चालते," ती म्हणाली, "माह्या पोरीचा हात नाई चालत?"

मित्रांनो, मी दार होतो. माझ्यावर लाथा बसल्या आहेत, काठ्या बसल्या आहेत. पण त्या बाईचा तो आवाज मला जसा लागला, तसे काहीच लागले नव्हते. ती ओरडली नाही. उठली, हात धुतले आणि चुलीतला कोळसा घेऊन पाट्यावर वाटायला बसली. संध्याकाळी देवराव आला तेव्हा मी चौकटीतून निघून आडवा पडलो होतो आणि ती माझ्या अंगावर कोळसा-काजळी डिंकाच्या पाण्यात कालवून चोपडत होती.

"हे काय करून राह्यली? दार हाये ते!"

"दार नाई. फळा हाये. उद्यापासून पोरगी शाळेत जाणार नाई. तुमी शिकवसान."

"मी? मले काय येते?"

"चौथी शिकले ना ओसरीत बसून? ओसरीतलं जे आलं ते घरात बसून शिकवा."

देवरावने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग दुसरे फडके घेतले आणि तोही चोपडू लागला. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर चढलो. दाराच्या जागी जिनिंगमधल्या बारदानाचा पडदा लागला.

त्या घराचा आठवडा मी सांगतो, ऐका. देवराव पहाटेच उठून माझ्यावर दिवसाचा अभ्यास लिहून ठेवायचा आणि कामावर जायचा. सोमवारी पाढे आणि बेरजा झाल्या, की मंगळवार त्यातल्या चुका निस्तरण्यात जायचा. प्रभावती लिहायची, उकंडा खाली बसून तेच मातीत बोटाने गिरवायचा. त्यांच्यावर लक्ष ठेवायला रुखमाबाई. तिला एक अक्षर येत नव्हते. तुरीच्या शेंगा सोलत ती माझ्याकडे पाठ करून बसायची, पण लिहिताना खडूचा आवाज थांबला की मागे न वळता म्हणायची, "काहून थांबली? अडलं का? अडलं तं पुन्ना पयल्यापासून म्हण." बुधवारी बाजार. त्या दिवशी माझ्यावर काही लिहीत नसत. बाजारात प्रभावती दुकानांच्या पाट्या वाचायची, आणि शेर-पावशेर जाऊन नवी किलोची वजने आली तेव्हा शेराचे किलो करण्याचे गणित तिने तिथेच, कांद्याच्या ढिगापाशी उभे राहून शिकून घेतले. शनिवारी देवराव लवकर सुटायचा. मग शुद्धलेखन. पुस्तक एकच होते, म्हणून किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून त्यावरच्या बातम्या तो सांगायचा. बातमी अर्धीच असायची. उरलेली अर्धी पोरांनी मनाने लिहायची.

रविवारी वस्तीतले लोक आमच्या अंगणात जमत. वंदना होई, पंचशील म्हटले जाई, आणि मग प्रभावती सगळ्यांना पेपर वाचून दाखवी. म्हातारे माना डोलवत. रुखमाबाई मात्र त्या वेळी माझ्याकडे एकटक बघत असायची.

एका रविवारी लोक गेल्यावर ती मुलीला म्हणाली, "माह्यं नाव लिव."

प्रभावतीने लिहिले. रुखमाबाईने त्याच्या खाली हात टेकला. "यातलं माह्यं कोणतं? हे एवढं सगळं?"

"सगळं तुहंच हाये, माय."

ती शिकू लागली. पोरगी मास्तरीण आणि आई शाळकरी पोर. 'ख' तिला फार छळायचा. सुटा झाला की 'र' आणि 'व' दिसायचे. ती दात-ओठ खाऊन माझ्यावर खडू दाबायची, तो मोडायचा, ती दुसरा घ्यायची. माझ्या अंगावर तिच्या त्या 'ख'चे चरे आहेत. मी ते कोणाला भरू देणार नाही.

मग हिवाळा आला. बारदानातून वारा सरळ आत घुसायचा. कुत्री येऊन भाकरी पळवायची. उकंडाला खोकला धरला, आणि तो काही सुटेना. एका सकाळी देवराव माझ्या खिळ्यांना हात घालून उभा राहिला.

"पोरगं खोकून राह्यलं. घराले दार पाह्यजे. फळ्यापायी पोरगं घालवतं का?"

"हात काढा," रुखमाबाई म्हणाली.

"दोन आधीच गेले आपले!"

"मले सांगता? म्या ठेवले ते मातीत." तिचा आवाज फाटला. "हे पोरगं मले जगवाचं हाये. पन ओसरीत बसवाले नाई जगवाचं! फळा धुतला तवा तुमी गप राह्यले. तुमच्या बापानं एकट्यानं दार बसवलं, तोबी गप राह्यला. आता म्या गप नाई राह्यत."

देवराव धुमसत निघून गेला. जाताना त्याने पडदा इतक्या जोरात ओढला की तो अर्धा फाटला. रुखमाबाईने उकंडाला गोधडीत गुंडाळून प्रभावतीच्या मांडीवर दिले आणि शेताकडे गेली. येताना डोक्यावर तुराट्यांचा भारा होता. दिवसभर ती ताटी विणत बसली. तुराट्या बोटांत घुसत होत्या, रक्त येत होते, आणि ती एकेक काडी अशी आवळत होती जशी कोणाची तरी मानगूट आवळावी. मग तिने ताटीला शेणामातीने लिंपले. देवराव घरी आला तेव्हा घराला दार होते आणि मीही भिंतीवर होतो. तो बराच वेळ ताटी उघडत-लावत राहिला. मग रुखमाबाईसमोर बसला आणि तिच्या बोटांतली कुसळे सुईने काढू लागला. उकंडाचा खोकला उन्हाळ्यापर्यंत रेंगाळला आणि गेला.

अशी दोन-अडीच वर्षे गेली. वस्तीतली आणखी पोरे माझ्यासमोर बसू लागली. ही गोष्ट शाळेपर्यंत पोचायची ती पोचलीच. एका दुपारी स्वतः वामनराव मास्तर ताटीसमोर येऊन उभे राहिले. वरून साहेब तपासणीला येणार होते, आणि वस्तीतले एकही पोर पटावर नव्हते.

"बाई, पोरांना शाळेत पाठवा. शिक्षण सक्तीचं आहे आता."

"या ना गुरुजी, आत या," रुखमाबाई म्हणाली.

मास्तर उंबऱ्यापाशीच थांबले. "इथूनच सांगतो."

"मंग इथूनच पाहा. पोरीले एक गणित घाला. या फळ्यावर." तिने खडू पुढे केला. मास्तरांनी तो घेतला नाही. तिने तो खाली ठेवला. मास्तर त्या खडूकडे पाहत राहिले. घ्यावा तर आत यावे लागणार, आणि मला हात लावावा लागणार. मला सांगा मित्रांनो, काय होते माझ्या अंगावर? कोळसा, काजळी आणि डिंक.

"मला घाई आहे," मास्तर म्हणाले.

"असं का? आमाले नाई घाई," रुखमाबाई म्हणाली. "तुमी या सवडीनं."

ते गेले. तिने खडू उचलला आणि माझ्यावर असा जोराने 'ख' काढला की त्याची भुकटी तिच्या डोळ्यांत गेली.

एकोणीसशे साठच्या जूनमध्ये मास्तरांची बदली झाली आणि कांताबाई नावाच्या शिक्षिका आल्या. तरुण, एकट्या; गावातल्या रामराव पाटलांच्या घरी भाड्याने राहिलेल्या. त्यांनी वस्तीत येऊन पोरांना बोलावले. रुखमाबाईने लगेच हो म्हटले नाही. "आधी मी येतो," एवढेच म्हणाली.

पुढचे मी पाहिले नाही; पण त्या संध्याकाळी प्रभावतीने देवरावला सांगितले, ते मी शब्दन् शब्द ऐकले. रुखमाबाई दोन्ही पोरांना घेऊन शाळेत गेली. ओसरीत थांबली नाही. "बाई, मले तुमच्या फळ्यावर लिवाचं हाये," म्हणाली. कांताबाईंनी खडू दिला. रुखमाबाईने आपले पूर्ण नाव लिहिले. 'ख' चांगला आला. मग ती फळ्याला पाठ लावून खाली बसली.

गावात बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो! रामराव पाटील दोन माणसांना घेऊन आले. एकाच्या हातात बादली होती.

"बाई, फळा धुऊन घ्या," रामराव म्हणाले.

कांताबाईंचा चेहरा पांढरा पडला, असे प्रभावती म्हणाली. त्यांचा बिस्तरा रामरावांच्याच घरी होता. त्या फळ्याकडे पाहत राहिल्या. मग खडू घेऊन उरलेल्या जागेत पाढा लिहू लागल्या.

"ऐकलं का मी काय म्हणतो?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. पाढा वाकडा येत होता. "फळा भरला की पुसते मी. फडक्याने. सगळ्यांचं पुसते तसंच."

रुखमाबाई उठली नाही. बादलीवाला माणूस पुढे सरकला, तेव्हा तिने फक्त मान वर केली. तो थांबला. रामराव दारात उभे राहून खूप काही बोलले. कांताबाईंना त्याच दिवशी खोली रिकामी करायला सांगितले. पण फळा धुतला गेला नाही. शाळा सुटताना कांताबाईंनी तो कोरड्या फडक्याने पुसला.

"मंग झालं तं!" देवराव उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "जिंकली तू!"

"काय जिंकली?" रुखमाबाई भडकली. "एक दिस फळा नाई धुतला, हे जिंकनं होते का? माणसाईनं कवाच धुवाले नाई पाह्यजे होता! उद्या जाईन. परवा जाईन. सगळा आठवडा जाऊन बसतो. आन् त्या बाईले आपल्या घरी आना. पोरगी उघड्यावर पडली तिकडं."

कांताबाई त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत राहिल्या, शेजारच्या खोपट्यात. रुखमाबाई खरोखरच आठवडाभर शाळेत जाऊन बसली. पोरे वर्गात बसली, आत, चटईवर.

मित्रांनो, आता शेवटी मी तुम्हाला माझी काळजी घ्यायला सांगेन, असे तुम्हाला वाटत असेल. नका घेऊ. मला वाळवी लागली तर लागू द्या. सागाचा आहे, टिकेन थोडा. मोठी माणसे तुम्हाला सांगतात की राग वाईट. सगळाच राग वाईट नसतो. काहींना आपल्या रागाचे फळे करता येतात, ताट्या करता येतात. उद्या वर्गात गेलात की पुढचा फळा बघण्याआधी एकदा मान वळवून मागे बघा. कोणी ओसरीत बसले आहे का? कोणाला कोपरा दिला आहे का? कोणाचा हात लागला म्हणून कोणी काही धुते आहे का? दिसले, तर रागवा. आणि नुसते रागवून बसू नका. उठा, आणि त्याला आपल्या चटईवर जागा द्या.